घराजवळच बी.एस्सी. नर्सिंग: फाइल उघडण्यापासून ट्रंक भरेपर्यंत

ये, खुर्ची ओढ. आज आपण दोघी मिळून वर्धा जिल्ह्यात राहूनच नर्सिंगची पदवी कशी घ्यायची, ते एकेक पायरी उतरून पाहू. तू आर्वीची असशील, कारंजा-घाडग्याची, समुद्रपूरची किंवा वर्ध्यातलीच, वाट सगळ्यांची सारखीच आहे. मुलगा असशील तरी हीच.

कोर्स आहे चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा. जिल्ह्यात दोन मोठी ठिकाणं आहेत. एक सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज. दुसरं सावंगी (मेघे) इथलं श्रीमती राधिकाबाई मेघे मेमोरियल कॉलेज ऑफ नर्सिंग. दोन्हीच्या शेजारी मोठं रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्ही ठिकाणं चांगली, पण आत जायचे दरवाजे वेगळे. ते कसे, ते पुढे येईलच.

मार्क असूनही जागा हुकते, ती बहुतेक वेळा एखाद्या कागदापायी नाहीतर तारखेपायी. म्हणून क्रम मोडू नकोस. बारावीचं वर्ष सुरू झालं की पहिली पायरी, निकालाची वाट पाहायची नाही.

टेबलावर हे मांडून ठेव: एक जाड प्लास्टिकची फाइल, एक शंभर पानी वही, काळा आणि निळा पेन, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि घरातलं रेशन कार्ड. चहा हवा असेल तर तो दुसऱ्या स्टुलावर. कागदांच्या शेजारी कप नको.

पहिला भाग: पात्रता

१. बारावीचे विषय तपास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, हे चारही हवेत. सांभाळ: बायोलॉजी सोडून फक्त गणित घेतलेलं असेल तर इथेच अडेल.

२. गुणांचा आकडा वहीत लिही. पीसीबी मिळून किमान ४५ टक्के लागतात, मागासवर्गीय प्रवर्गांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. सांभाळ: हे टक्के फक्त या तीन विषयांचे आहेत. मराठी, भूगोलात मिळालेले ८० इथे उपयोगाला येत नाहीत.

३. वय तपास. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण झालेली हवीत. सांभाळ: जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात, घरच्या आठवणीतली नाही.

इथे एक मिनिट थांबू. घरात जीएनएम झालेली ताई असेल, जिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करत असेल, तर तिला ही चार वर्षं पुन्हा करायची नाहीत. तिच्यासाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आहे, दोन वर्षांचं. तिनं आजच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आपलं नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरची मुदत पाहावी. मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण, मग अर्ज. खाली कागदपत्रांचा भाग आहे तो तिलाही जसाच्या तसा लागू पडतो. परीक्षा आणि प्रवेशफेरी तिची वेगळी असते, ती तिनं तिच्या माहिती पुस्तिकेत पाहावी.

दुसरा भाग: कागद

हा भाग सर्वांत लांब आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही. दिवाळीच्या सुटीत सुरू केलास तर उन्हाळा शांत जाईल.

४. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव वाच. अक्षर न् अक्षर, वडिलांचं नाव आणि आडनावासकट. सांभाळ: फरक असेल तर आधार दुरुस्त करायचं, दहावीचं प्रमाणपत्र नाही. आधार केंद्रावर काम पटकन होतं, बोर्डाकडे महिने जातात.

५. स्वतःचा एक मोबाईल नंबर आणि एक ईमेल ठरव. पुढचे सगळे ओटीपी तिथेच येणार. सांभाळ: नेट कॅफेवाल्या दादाचा नंबर अजिबात देऊ नकोस. तो चांगला माणूस असतो, पण जागा मिळाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर पडून राहतो आणि तुझी तारीख निघून जाते.

६. वहीच्या पहिल्या पानावर युजर आयडी आणि पासवर्ड लिहायला जागा आख. सांभाळ: पासवर्ड फोनमध्येच राहू देऊ नकोस. फोन बिघडतो.

७. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र काढ. आपण त्याला डोमिसाईल म्हणतो. तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रात किंवा गावच्या आपले सरकार केंद्रात अर्ज कर. सांभाळ: अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. पोचेवरचा नंबरच पुढे कामाला येतो.

८. जातीचा दाखला काढ. खुल्या प्रवर्गात असशील तर थेट बाराव्या पायरीवर जा. हा दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि आपल्या जिल्ह्यात ही कार्यालयं वर्धा, आर्वी आणि हिंगणघाटला आहेत. सांभाळ: तो देण्याची मुदत ४५ दिवसांची असते. एप्रिलमध्ये अर्ज केलास तर जून उजाडेल.

९. घराण्याचा जुना पुरावा शोध. याच पायरीवर लोक दमतात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. जात पडताळणी समिती तुझ्या घराण्याचा एका ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा पाहते:

ओबीसी (कुणबी, तेली, माळी वगैरे): १३ ऑक्टोबर १९६७
अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५०
अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५०
विमुक्त जाती, भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१

आता आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत शिकले त्या शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा माग. ते शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल माग. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. शेती असेल तर जुना अधिकार अभिलेख पाहा. सांभाळ: आजोबांच्या नावापासून तुझ्या नावापर्यंत साखळी तुटता कामा नये. मध्ये बाबांचा शाळेचा दाखला हवा. आजोबांचं नाव एका कागदावर “नामदेव” आणि दुसऱ्यावर “नामा” असेल तर तोच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेव.

१०. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भर. मग त्याची प्रत, जुने पुरावे आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन वर्ध्याच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जमा कर. कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र सोबत लागतं, तेव्हा ते ऑफिसातून आधी घे. सांभाळ: अनुसूचित जमातीची असशील तर समिती वेगळी आहे आणि ती नागपूरला बसते. वर्ध्याच्या खिडकीवर एक दिवस फुकट घालवू नकोस.

११. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र काढ. ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी प्रवर्गांना लागतं, अनुसूचित जाती-जमातींना नाही. सांभाळ: प्रमाणपत्र आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस, त्यावर कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध लिहिलंय ते वाच. प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ते जिवंत हवं. आणखी एक. बाबांचं शेतीचं उत्पन्न किंवा पगार आठ लाखांच्या वर गेला म्हणून अर्जच करायचा नाही, असं परस्पर ठरवू नकोस. क्रिमीलेयरच्या हिशेबात शेती आणि पगार धरत नाहीत. सेतू केंद्रात नीट विचार.

१२. उत्पन्नाचा दाखला काढ. तहसीलदारांचा, चालू आर्थिक वर्षाचा. सांभाळ: नॉन-क्रिमीलेयर आहे म्हणून हा नको, असं नाही. दोन्ही कागद वेगळे आणि दोन्हींची कामंही वेगळी. फी माफी या दाखल्यावरच मिळते.

१३. खुल्या प्रवर्गात असून घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढ. सांभाळ: राज्यातल्या प्रवेशासाठीचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. सेतूत “राज्याचा” असं स्पष्ट सांग.

१४. तुझ्या नावाचं बँक खातं आधारशी जोडून घे. बँकेत जाऊन “खात्याला आधार सीडिंग करून द्या, शिष्यवृत्तीसाठी हवंय” असं सांग. सांभाळ: खात्यात नुसता आधार नंबर नोंदवणं आणि सरकारी पैसा जमा होण्यासाठी तो जोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडून राहते.

१५. सगळे कागद स्कॅन कर. एकेका कागदाची वेगळी फाइल, फाइलला साधं नाव. चारही कोपरे दिसले पाहिजेत, शिक्का वाचता आला पाहिजे. सांभाळ: ट्यूबलाइटखाली फोन धरून काढलेल्या फोटोत मधोमध चकाकी येते आणि दाखल्याचा नंबर नेमका तिथेच असतो. अंगणात, सावलीत, सकाळी काढ.

तिसरा भाग: सीईटी

१६. राज्य सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून बी.एस्सी. नर्सिंग सीईटीची या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घे. सांभाळ: मैत्रिणीच्या बहिणीची गेल्या वर्षीची पुस्तिका नको. तारखा, फी, फोटोचे नियम बदलत राहतात.

१७. सीईटीची नोंदणी कर. फॉर्म साधारण बारावीच्या परीक्षेच्या सुमारास किंवा त्याआधीच निघतो. तेव्हा सगळे अभ्यासात बुडालेले असतात आणि म्हणूनच तो निसटतो. जानेवारीपासून दर रविवारी एकदा संकेतस्थळ उघडायचं, असं वहीत लिहून ठेव. सांभाळ: ‘नीट’ परीक्षा दिली तर सीईटी लागत नाही, ही समजूत महागात पडते. राज्याच्या प्रवेशफेरीतल्या बी.एस्सी. नर्सिंगला ही वेगळी सीईटी द्यावीच लागते.

१८. फॉर्ममध्ये प्रवर्ग भर आणि एकदा मोठ्यानं वाच. सांभाळ: “दाखला अजून आला नाही, सध्या ओपन टाकते” असं घाईत करू नकोस. अर्जाच्या पोचेवर काय चालतं ते पुस्तिकेत पाहा, मगच बटण दाब.

१९. फी भरून पावती आणि अर्जाची छापील प्रत काढ. सांभाळ: पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. आधी लॉगिन करून स्थिती पाहा.

२०. अभ्यासाचे पाच भाग पाड. पेपर १०० प्रश्नांचा, १०० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. बारावीचा अभ्यास झालाच आहे, तेव्हा नवीन तयारी शेवटच्या भागाचीच. सांभाळ: इंग्रजीला “आपलं काही खरं नाही” म्हणून सोडून देऊ नकोस. त्याचे गुण बायोलॉजीइतकेच आहेत आणि रोज अर्धा तास दिलास तर सर्वांत लवकर वाढतात तेही हेच.

२१. घड्याळ लावून पाच सराव पेपर सोडव. संगणकावर, माऊस हातात धरून. घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचार, सर नाही म्हणत नाहीत. सांभाळ: फक्त मोबाईलवर सराव केलेल्या मुली परीक्षेत माऊसलाच घाबरतात.

२२. हॉल तिकीट छापून घे आणि केंद्राचा पत्ता नकाशावर पाहा. सांभाळ: केंद्र नागपूरला आलं तर आदल्या दिवशीच निघ. वर्ध्याहून गाड्या भरपूर आहेत, पण आर्वी-आष्टीकडून पहाटे निघून सकाळची वेळ गाठायची म्हणजे जिवाला घोर.

२३. परीक्षेच्या दिवशी दुपट्टा, पाणी आणि हॉल तिकिटावर सांगितलेलं ओळखपत्र घेऊन निघ. एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. सांभाळ: रिकाम्या पोटी जाऊ नकोस, पण वाटेवरचा बर्फाचा गोळाही नको.

२४. पेपरात एकही प्रश्न रिकामा ठेवू नकोस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सांभाळ: शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर टिक करायला राखून ठेव. एका गणितात रुतून बसलीस की ती कधी गेली ते कळतही नाही.

चौथा भाग: कॉलेज

परीक्षा झाली, निकालाला वेळ आहे. हे दिवस झोपण्यात घालवू नकोस. दोन दिवस झोप, मग उठ.

२५. प्रत्येक कॉलेजची मान्यता तपास. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या यादीत त्या कॉलेजचं नाव आणि नावापुढे बी.एस्सी. नर्सिंग हवं. शिवाय ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न किंवा अभिमत विद्यापीठाचं असायला हवं. सांभाळ: “सहा महिन्यांत नर्सिंग, लगेच नोकरी” असे फलक बसस्टँडजवळ दिसतात. त्यातून नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर सरकारी भरती नाही आणि परदेशही नाही.

२६. एक दिवस काढून सेवाग्राम आणि सावंगी दोन्ही पाहून ये. आईला सोबत ने. वर्धा शहरातून दोन्हीकडे ऑटो जातात, एका दिवसात आरामात होतं. गेटवर थांबू नकोस, हॉस्टेलची वॉर्डन भेटते का पाहा, मेसची वेळ विचार, हॉस्टेलपासून वॉर्डपर्यंत पायी किती वेळ लागतो ते पाहा, रात्रपाळीला सोबत कोण असतं तेही विचार. पोशाखाचे आणि जेवणाचे नियमही विचारून घे. सांभाळ: फक्त इमारत पाहून परत येऊ नकोस. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी दहा मिनिटं बोल, सर्वांत खरं तीच सांगेल.

२७. खर्चाचा कागद कर. वहीत उभे रकाने आख: शिक्षण शुल्क, इतर शुल्क, हॉस्टेल, मेस, प्रवास. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण तिच्यावर सगळं गणित फिरतं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. खाजगी अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. सावंगीचं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं आहे. म्हणून तिथला खर्च मांडताना पूर्ण शुल्क धर, सेवाग्रामचा मांडताना माफी वजा कर. अनुसूचित जातीजमाती आणि विमुक्त-भटक्यांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यांचे नियम महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, पाहा. सांभाळ: माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. हॉस्टेल, मेस, गणवेश, डिपॉझिट घरातूनच द्यायचं आहे. तेवढे पैसे जूनपर्यंत बाजूला पडतील का, हे बाबांना आजच विचार, प्रवेशाच्या आदल्या रात्री नको.

२८. सावंगीला अर्ज करायचा असेल तर तो वेगळा कर. अभिमत विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया त्यांची स्वतःची असते. त्यांच्या प्रवेश कार्यालयातून अर्ज, परीक्षा आणि तारखांची माहिती घेऊन वहीत वेगळ्या पानावर लिही. सांभाळ: राज्याच्या पसंतीक्रमात सावंगीचं नाव शोधत बसू नकोस. ते तिथे दिसत नाही म्हणजे कॉलेज बंद झालं असं नाही.

पाचवा भाग: कॅप

२९. निकालाचं स्कोअरकार्ड छापून फाइलमध्ये लाव. सांभाळ: निकाल कळला की संकेतस्थळ बंद करू नकोस. आता पुन्हा फॉर्म भरायचा आहे.

३०. कॅपची स्वतंत्र नोंदणी कर. ही पायरी मी तुझ्या वहीत लाल पेनानं लिहिणार आहे. सीईटीचा फॉर्म हा परीक्षेचा असतो, प्रवेशाचा नाही. प्रवेशासाठी निकालानंतर पुन्हा नोंदणी, पुन्हा फी आणि कागदपत्रं अपलोड. सांभाळ: “आपला नंबर लागला की बोलावतील” म्हणून वाट पाहणाऱ्यांना कोणी बोलावत नाही.

३१. कागदपत्रं अपलोड केल्यावर प्रत्येक फाइल उघडून पाहा. सांभाळ: डोमिसाईलच्या जागी उत्पन्नाचा दाखला चढलेला असतो आणि गुणवत्ता यादीच्या आधी त्रुटी निघते. त्रुटी आली तर तिची शेवटची तारीख आणि वेळ, दोन्ही लिहून घे.

३२. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत आपलं नाव, प्रवर्ग, गुण तपास. सांभाळ: चूक दिसली तर हरकत तात्पुरत्या यादीवरच घ्यायची, अंतिम यादी लागल्यावर ऐकत नाहीत.

३३. पसंतीक्रम आधी कागदावर लिही. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि तुझ्या गुणांना जे पहिलं मिळेल ते देतो. म्हणून मनापासून हवं ते सर्वांत वर, मिळेल की नाही याचा विचार न करता. वर्ध्याच्या मुलीला मी तरी सांगेन, सेवाग्राम आणि नागपूरचं शासकीय कॉलेज हे पहिले दोन ठेव. त्यांतलं आधी कोणतं, ते तुझ्या खर्चाच्या कागदाला विचार. शुल्क माफ होत असेल तर तुलना उरते ती हॉस्टेल, मेस आणि गावी ये-जा करण्याची. घरी आजारी आजी असेल, धाकटा भाऊ असेल, तर दर पंधरा दिवसांनी घरी येता येणं हा खर्चाइतकाच मोठा मुद्दा आहे आणि तो मनात धरायला लाजू नकोस. सांभाळ: जिथे जायचंच नाही असं कॉलेज “असू दे, भर” म्हणून टाकू नकोस. नेमकं तेच मिळतं आणि पुढच्या फेरीचे नियम आडवे येतात.

३४. पसंतीक्रम भरून लॉक कर आणि प्रत काढ. सांभाळ: शेवटच्या संध्याकाळी सर्व्हर मंद होतो. एक दिवस आधी कर.

३५. जागा मिळाल्याची यादी लागली की हजर व्हायची शेवटची वेळ वहीत मोठ्या अक्षरात लिही. सांभाळ: मधे रविवार, पोळा, गणपती आले तरी तारीख पुढे जाईलच असं नाही.

३६. वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरकडून पुस्तिकेतल्या नमुन्यातच घे. सांभाळ: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का दोन्ही पाहून घे. जाताच आहेस तर हेपॅटायटिस बीची लस झाली आहे का तेही विचार. नसेल तर पहिला डोस घे, दुसरा एका महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डात सुया हाताळायच्या आहेत, त्याआधी सुरुवात झालेली बरी.

३७. मूळ कागदपत्रांचे तीन झेरॉक्स संच करून साक्षांकित कर. सांभाळ: मूळ कागद कॉलेजात जमा झाले की बाकी कामांना हेच संच वापरायचे.

३८. कॉलेजात हजर होऊन प्रवेश घे. मूळ कागदांच्या यादीची पोच सही-शिक्क्यासह माग. सांभाळ: शुल्क माफीत बसत असशील तर पैसे भरण्याआधी कार्यालयात तसं स्पष्ट सांग. एकदा भरलेले पैसे परत मिळवताना चपला झिजतात.

३९. जागा कायम ठेवण्याचा फॉर्म भरायचा की नाही, ते घरी बसून ठरव. सही केलीस की पुढच्या फेऱ्यांतून तुझं नाव निघतं, हीच जागा पक्की होते. पहिल्या पसंतीचं मिळालं असेल तर खुशाल भर. सांभाळ: रांगेत कोणीतरी “इथे सही करा” म्हणतं म्हणून करू नकोस. आधी वाच.

जागा मिळालीच नाही तर? रडून झालं की दुसरी फेरी, मग तिसरी. नर्सिंगच्या जागा शेवटपर्यंत हलत राहतात. सगळ्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेज पातळीवर भरल्या जातात, तिथेही अर्ज करता येतो. पण त्या प्रवेशाला मुलींची शुल्क माफी लागू होत नाही, म्हणून सत्ताविसाव्या पायरीतला खर्चाचा कागद पुन्हा उघड. आणि “इतके द्या, सीट पक्की” म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

सहावा भाग: प्रवेशानंतरचे आठ दिवस

४०. महाडीबीटीवर अर्ज भर. प्रवेश झाला म्हणजे माफी आपोआप मिळाली, असं नसतं. तुझा अर्ज गेला तरच कॉलेज तो पुढे पाठवतं. सांभाळ: दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर चार वर्षांचे चार चौकोन आख आणि भरला की टिक कर.

४१. हॉस्टेल-मेसच्या खर्चासाठी तुझ्या प्रवर्गाची योजना शोध. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्, इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सांभाळ: एका वेळी एकाच निर्वाह योजनेचा लाभ मिळतो. दोन अर्ज केलेस तर दोन्ही अडकतात.

४२. कॉलेजनं दिलेली साहित्याची यादी वाच आणि मगच बाजारात जा. सांभाळ: पांढरा गणवेश, बूट, स्टेथोस्कोप आधीच घेऊ नकोस. कापड, बाहीची लांबी, बुटाचा प्रकार कॉलेज ठरवतं आणि पुष्कळदा शिलाईही तिथूनच होते.

४३. यादीत असो नसो, एक वस्तू मात्र आजच घे: सेकंद काटा असलेलं साधं घड्याळ. नाडी मोजायला लागतं. सांभाळ: फक्त आकडे दाखवणारं डिजिटल नको. एका हाताची बोटं रुग्णाच्या मनगटावर ठेवून दुसऱ्या हातातलं घड्याळ बघायचं असतं, फिरता काटा डोळ्यांना लगेच सापडतो.

४४. ट्रंक भर. फाइल सर्वांत वर.